म्हाताऱ्या मांजराची खाज

घोडनदीच्या कांठचें शिरूर काय किंवा भीमेच्या कांठचें दौंड काय, ह्या भागांत दुधाचा धंदा मोठा. गोठा आला कीं गोचीड आली, आणि गोचीड आली कीं गोठ्याच्या कोनाड्यांत तिच्या औषधाची बाटलीही आली. घरांतलें दहाबारा वर्षांचें मांजर रात्रंदिवस अंग ओरबाडूं लागलें, मानेवरचे केंस जाऊन कातडी लाल दिसूं लागली, म्हणजे घरच्या माणसाचा हात सहज त्या बाटलीकडे जातो. तो तिकडे जाऊं नये, एवढ्यासाठीं आम्ही ह्या महिन्याचें हें पान खर्ची घालीत आहों.

गोचिडीच्या पुष्कळशा औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हीं द्रव्यें असतात. गाईम्हशींना तीं योग्य प्रमाणांत सोसतात; मांजराला सोसत नाहींत. अशा द्रव्यांचें विघटन करून तीं शरीराबाहेर टाकण्याचें काम इतर जनावरांचें यकृत बिनबोभाट करतें, तें मांजराच्या यकृतास नीट साधत नाहीं. औषध लागल्यापासून कांहीं तासांत लाळ गळूं लागते, अंग थरथरतें, झटके येतात आणि वेळीं उपाय न झाल्यास मांजर दगावतें. कुत्र्याच्या मानेवर टाकावयाच्या थेंबांत पर्मेथ्रिन असेल तर तेही असेच घातक. ते टाकलेल्या कुत्र्याला बिलगून मांजरास झोपूं देऊं नये. चुकून लागलेंच, तर कोमट पाण्यानें व भांडीं घांसण्याच्या पातळ साबणानें अंग धुवावें, कोरडें करून ऊब द्यावी व तडक पशुवैद्याकडे न्यावें. रॉकेल, फिनाईल, डेटॉल व कापराचें तेल ह्यांचीही वाट तीच. मांजर दिवसभर स्वतःस चाटीत असतें. तेव्हां जें कातडीवर लावलें तें पोटांत गेलेंच असें धरून चालावें. पॅरासिटामॉलची गोळी तर मांजरास साक्षात् विष आहे. तिचा तुकडाही देऊं नये.

मग करावें काय? आधीं फणी घ्यावी. उवांसाठीं असते तसली बारीक दांत्यांची फणी शेपटीच्या बुडाशीं व मानेवर फिरवावी, आणि तींत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावे. कणांभोंवतीं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मांजराचेंच पचलेलें रक्त होय. ‘आम्हांला एकही पिसू दिसली नाहीं’ असें पुष्कळजण सांगतात. परंतु खाजणारें मांजर पिसवा चाटून गिळून टाकतें, आणि ज्या मांजरास पिसूची लाळ बाधते त्याला दोनचार चावेही दिवसेंदिवस खाजवीत ठेवण्यास पुरतात. अशा मांजराच्या पाठीवरून हात फिरवला असतां बारीक खरखरीत खपल्या लागतात. वैद्यकांतील त्यांचें परकीय नांव ज्या लॅटिन शब्दावरून पडलें त्याचा अर्थ बाजरीच्या जातीचें बारीक धान्य असा आहे. शिरूरकडच्या गृहिणीस ही खूण आणखी समजावून सांगावी लागणार नाहीं!

पिसू मारावयाची ती मांजरावर थोडी आणि घरांत फार. तिचीं अंडीं केंसांवरून घरंगळून अंथरुणांत, सतरंजीखालीं, फरशीच्या फटींत पडतात. अळ्या तेथेंच वाढतात आणि कोशांतली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसूं शकते. नोकरीनिमित्त परगांवीं असलेलें कुटुंब मे महिन्यांत वाड्याचें कुलूप काढतें आणि पहिल्याच दिवशीं सर्वांच्या पोटऱ्यांवर गांधी उठतात, त्याचें कारण हेंच. म्हणून मांजराचें अंथरूण दर आठवड्यास कढत पाण्यानें धुवून उन्हांत टाकावें आणि कोनेकोपरे रोज झाडावे. मांजरासाठीं सेलामेक्टिन किंवा फिप्रोनिल ह्यांचे थेंब मिळतात. ते वजन पाहून पशुवैद्यानें सांगितल्याप्रमाणें, जीभ पोंचणार नाहीं अशा जागीं मानेवर टाकावे. घरांतील सर्व मांजराकुत्र्यांवर, ज्याला त्याला साजेल तें औषध देऊन, निदान तीन महिने हा क्रम चालवल्याशिवाय गुण आला नाहीं असें म्हणूं नये.

कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असेल तर कानांतील किडे असावेत. कानाच्या कडांपासून तोंडभर जाड खपली धरली असेल तर खरूज. ही खरूज माणसासही कांहीं काळ लागूं शकते, म्हणून लोक असें मांजर पोत्यांत घालून गांवाबाहेर सोडून येतात. मांजराच्या हत्येस काशीस सोन्याचें मांजर द्यावें लागतें असें मानणारे आपण, पण उपाशी मरण्यास सोडून येतांना कोणास सोन्याची आठवण होत नाहीं. ही खरूज औषधानें बरी होते.

म्हातारपणाचीं कारणें मात्र वेगळीं आहेत, आणि घरोघरीं दुर्लक्ष होतें तें ह्यांकडेच. सांधे धरलेल्या मांजरास पाठ वळवून कंबर चाटतां येत नाहीं. तेथें कोंडा सांचतो, केंसांच्या गांठी होतात आणि खाज सुटते. त्यास रोज हलक्या हातानें विंचरणें हेंच अर्धें औषध. पोटावरचे केंस चाटून उडवले असतील तर मूत्राशयाचें दुखणें असूं शकतें. खाणें वाढूनही मांजर वाळत असेल, किंवा पाणी फार पीत असेल, तर थायरॉईड, मूत्रपिंड व मधुमेह ह्यांसाठीं रक्त तपासून घ्यावें. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोंकावर उन्हानें झालेली खपली भरून येत नसेल तर कर्करोगाची शंका घ्यावी आणि एक दिवसही दवडूं नये.

येथें आमच्या कांहीं वाचकांस न रुचणारी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. मांजर हा जन्मतःच मांसाहारी प्राणी. निव्वळ दूधभातावर ठेवलेल्या मांजरास टॉरिन व प्राणिज स्निग्धांश पुरेसे मिळत नाहींत; टॉरिनच्या अभावीं डोळे व हृदय दुबळें होतें, स्निग्धांशाच्या अभावीं कातडी कोरडी पडते. तरुणपणीं तें उंदीरपाली मारून उणीव भरून काढतें, म्हातारपणीं तेंही थांबतें. ज्या घरांत मासळी शिजत नाहीं त्यांनीं मांजरासाठीं तयार मिळणारें खाद्य निराळ्या वाटींत, निराळ्या जागीं द्यावें. सोवळें संभाळून हें सहज करतां येतें.

दोन्ही तालुक्यांतील सरकारी दवाखान्यांत गाईम्हशींची गर्दी असते. तेथें मांजर घेऊन जाण्याचा संकोच मुळींच बाळगूं नये. झांकणाच्या टोपलींत जुनें लुगडें घालून न्यावें. तपासण्या तेथें होण्यासारख्या नसल्यास पुणें, किंवा 1988 सालीं स्थापन झालेलें शिरवळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खाज थांबवण्याची सुई मागून घेऊं नये. स्टेरॉईडची असल्यास आराम तात्काळ पडतो, परंतु वारंवार दिल्यानें मधुमेह जडूं शकतो, आणि मूळ कारण तसेंच राहतें. वैद्याकडे जातांना खाज केव्हां सुरू झाली, अंगाच्या कोणत्या भागीं, खाण्यांत काय बदललें, घरांत आणखी कोणास खाजतें आणि कोणकोणतीं औषधें लावून झालीं, हें कागदावर लिहून न्यावें. गोठ्यांतली बाटली उघडली गेली असेल तर तीही बरोबर असावी.