भुयार कोणासाठी?

मुंबईच्या पोटात ३३.५ किलोमीटरचे भुयार खणणाऱ्या मजुरांना आमचा सलाम. आरे ते कफ परेड ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुली झाली. लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या शहराला ती हवीच होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

परंतु २३,१३६ कोटींचा अंदाज ३७,२७६ कोटींवर गेला. त्यातील मोठा वाटा जपानी कर्जाचा. ते फेडणार जनताच. आरेतील दोन हजारांवर झाडे २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात पडली. गिरगाव-काळबादेवीच्या चाळकऱ्यांनी पिढीजात बिऱ्हाडे हलविली. समाजाने एवढी किंमत मोजल्यावर गाडीत बसणार कोण? एका टोकाहून दुसऱ्या टोकाचे भाडे ७० रुपये. जाऊन-येऊन १४०, पंचवीस दिवसांचे ३,५०० रुपये. चर्चगेटच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाईने हा हिशेब कसा जुळवावा? ती लोकलच्या पासावरच राहणार. त्यातच मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. म्हणजे भुयारावरचा रस्ताही महागला.

हुतात्मा चौक, आचार्य अत्रे चौक ही नावे स्थानकांना लाभली, हे योग्यच. काही स्थानकांच्या नावांआधी मात्र कंपन्या पैसे मोजून बसल्या आहेत!

कष्टकऱ्याला परवडेल असा मासिक पास आणि बेस्ट, लोकल व मेट्रो यांचे एकच तिकीट, ही आमची मागणी आहे. तोटा आल्यास तो भुयारामुळे ज्यांच्या जमिनींचे भाव चढले त्यांच्याकडून वसूल करावा. शाखांनी या मागणीवर सह्या गोळा करण्यास स्थानकांच्या दारापासूनच प्रारंभ करावा.