धनुष्य हातास मानवेल असें घ्यावें

तीरंदाजीचा छंद लागलेल्या मुलामुलींच्या घरीं एक प्रश्न लवकरच उभा राहतो. तो हा कीं, पहिलें धनुष्य कोणतें घ्यावें? इंग्लंडांतील जुन्या चालीचें लांब धनुष्य, ज्यास लाँगबो म्हणतात, त्याकडे पुष्कळांचें मन ओढ घेतें. रॉबिन हुडाच्या गोष्टी वाचलेल्या मुलास तर तेंच हवें असतें. यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु निवड करतांना बहुतेक लोक दोनच गोष्टी विचारतात. धनुष्याचा जोर किती पौंडांचा आणि बाण किती लांब जातो. आमच्या मतें या दोहोंच्या आधीं तिसरी एक गोष्ट विचारावयास पाहिजे. ती ही कीं, बाण सुटल्यावर धनुष्य हातास किती हादरा देतें?

हा हादरा म्हणजे काय, हें क्रिकेट खेळणाऱ्या मुलांस फारसें समजावून सांगावयास नको. चेंडू बॅटच्या योग्य जागीं न बसतां टोंकाशीं बसला म्हणजे मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. धनुष्याचेंहि कांहींसें तसेंच आहे. दोरी ओढली म्हणजे मुठीच्या वरचा व खालचा असे धनुष्याचे दोन बाहू वांकतात, आणि आपल्या स्नायूंची शक्ति त्यांत सांठते. दोरी सोडतांच ती शक्ति बाणास मिळावयाची. पण सगळीच मिळत नाहीं. बाहूंस व दोरीसहि धांवावें लागतें, आणि बाण निघून जाऊन दोरी ताठ झाली कीं या धांवत्या बाहूंस एकाएकीं थांबावें लागतें. त्यांच्यांत उरलेली शक्ति जाणार कोठें? तिचा बराच भाग मुठीवाटे तळहातांत, मनगटांत व कोपरांत शिरतो. बाण न लावतां दोरी ओढून कधींहि सोडूं नये, असें जें शिकवितात त्याचें कारणहि हेंच. बाण नसला म्हणजे सारी शक्ति धनुष्यांतच राहते, आणि त्यानें धनुष्य मोडूंहि शकतें.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे निवडीचे नियम आपोआप निघतात. पहिला नियम टोंकांविषयीं. बाहूंच्या टोंकांस सर्वांत अधिक अंतर, व तेंहि सर्वांत अधिक वेगानें, जावें लागतें. म्हणून टोंकाशीं असलेलें थोडेंसें फाजील वजनहि फार त्रास देतें. मुठीजवळचें वजन मात्र त्रास न देतां उलट हादरा सोसून घेतें. तेव्हां टोंकें बारीक व हलकीं आणि मूठ भरीव, असें धनुष्य पाहावें. दुसरा नियम समतोलपणाचा. दोन्ही बाहू एकाच वेळीं जागेवर आले पाहिजेत. एक आधीं व दुसरा मागाहून आला तर धनुष्य हातांत उसळतें.

तिसरा नियम घडणीचा. जुन्या इंग्रजी धनुष्याचे बाहू अरुंद व जाड असतात. त्या मानानें रुंद व चपट्या बाहूंचें धनुष्य हातास बहुधा सौम्य लागतें; आणि ज्याचे बाहू मुठीपाशीं किंचित् नेमबाजाकडे व टोंकांशीं किंचित् निशाणाकडे वळविलेले असतात, तें तर अधिकच सौम्य. जाड बाहूंपेक्षां चपटे बाहू आपलें काम अधिक चांगलें करतात, हा केवळ कारागिरांचा समज नव्हे. अमेरिकेंत हिकमन व क्लॉप्स्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनीं आणि नॅग्लर या इंजिनियरांनीं धनुष्य हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय केला. त्यांचे लेख १९४७ सालीं एका ग्रंथांत एकत्र प्रसिद्ध झाले. शक्तीचा मोठा भाग बाणांत जावा व थोडा भाग बाहूंत राहावा, हीच त्या शोधाची दिशा होती.

येथें कोणी म्हणेल कीं, उत्तम लांकूड घेतलें म्हणजे सर्व कांहीं साधतें. लांकडाचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. यू नांवाच्या झाडाचें लांकूड इंग्लंडांत प्रसिद्ध झालें तें उगीच नव्हे. त्याचा बाहेरचा पांढरा थर ताण सोसतो व आंतला तांबूस गाभा दाब सोसतो. हे दोन्ही गुण एकाच काष्ठांत मिळतात. ताण सोसण्याचें तेंच काम बांबूहि उत्तम करतो. आपल्याकडील भिल्लांचा तिरकमठा बांबूचा असतो, आणि आजचे कारागीर लाँगबोच्या बाहेरच्या अंगास बांबूची पट्टी चिकटवितात. पण टोंकें जड ठेविलीं किंवा बाहू विषम घडविले, तर महागाचें यू लांकूडहि हातास धक्का दिल्यावांचून राहणार नाहीं.

चौथी गोष्ट बाणाची, आणि ती सर्वांत स्वस्तांत साधण्यासारखी आहे. बाण जितका जड तितकी धनुष्यांतील शक्ति तो अधिक घेऊन जातो, व हाताच्या वांट्यास तितकी कमी येते. धनुष्याच्या जोराच्या दर पौंडास बाणाचें वजन १० ग्रेन, असा एक सर्वसाधारण हिशेब आहे. त्याप्रमाणें ३० पौंडांच्या धनुष्यास ३०० ग्रेनांचा, म्हणजे सुमारें १९ ग्रॅमांचा बाण येतो. त्याहून थोडा जड असल्यास हात तक्रार करणार नाहीं. हलका बाण वेगानें जातो खरा, पण त्या वेगाची किंमत मनगट देतें. तसेंच दोरी चढविल्यावर तिचें मुठीपासूनचें अंतर पाहावें. वळलेली मूठ व तिजवर उभा अंगठा, हें त्याचें जुनें इंग्रजी माप. तें सुमारें सहा ते सात इंच भरतें. अंतर फार कमी ठेविलें तर दोरी हातावर फटका देते. आणि मूठ आवळून धरूं नये, कोपरहि अगदीं ताठ करूं नये.

या सर्वांवर एक आक्षेप येतो, व तो मुलांच्या मनांत अधिक असतो. सौम्य धनुष्य म्हणजे दुबळ्याचें धनुष्य. खरा वीर तो जो जबर धनुष्य ओढतो! या समजुतीस इतिहासाचा आधार दाखवितात. आठव्या हेन्रीचें मेरी रोज नांवाचें जहाज १५४५ सालीं पोर्ट्समथजवळ बुडालें व १९८२ सालीं त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. त्यांत शंभरांहून अधिक लांब धनुष्यें सांपडलीं. पुष्कळांचा जोर १०० पौंडांच्या वर, आणि कित्येकांचा १५० पौंडांच्याहि वर असावा, असा अंदाज आहे. हें खरें, परंतु तीं लढाईचीं शस्त्रें होतीं, व तीं ओढणारे लोक बाळपणापासून तयार झालेले होते. त्या जहाजावरील कांहीं सांगाड्यांच्या खांद्यांच्या हाडांत जो विशेष आढळला, तो लहान वयापासूनच्या धनुर्विद्येमुळें असावा, असें संशोधकांनीं सुचविलें आहे. मुलांच्या हातीं जबर धनुष्य देऊं पाहणाऱ्या पालकांनीं याचा विचार करावा.

शिवाय त्याच पिढींतील एका थोर पुरुषाची साक्ष याहून स्पष्ट आहे. धर्मसुधारणेच्या काळांतील उपदेशक ह्यू लॅटिमर, जे १५५५ सालीं ऑक्सफर्ड येथें आपल्या मतासाठीं जिवंत जाळले गेले, त्यांनीं १५४९ सालीं सहाव्या एडवर्ड राजापुढें केलेल्या उपदेशांत आपल्या बाळपणाची आठवण सांगितली आहे. त्यांचे वडील शेतकरी होते. त्यांनीं मुलास केवळ हाताच्या जोरानें नव्हे तर साऱ्या शरीराच्या जोरानें धनुष्य ओढावयास शिकविलें. आणि मुलाचें वय व शक्ति पाहून त्यास धनुष्यें घेऊन दिलीं. मुलगा वाढत गेला तसतशीं धनुष्येंहि मोठीं होत गेलीं. ज्या देशानें लांब धनुष्यास कीर्ति मिळवून दिली, तेथील एक सुज्ञ पिता असा वागला. आम्हांस याहून चांगला नियम ठाऊक नाहीं.

अयोग्य धनुष्याचें सर्वांत मोठें नुकसान कोपराचें नव्हे, मनाचें होतें. प्रत्येक बाणामागें हातास धक्का बसूं लागला म्हणजे हात भिऊं लागतो. मग दोरी सुटण्यापूर्वींच डोळे मिटतात, खांदा आकसतो व बाण भलतीकडे जातो. मुलास वाटतें, आपणांस नेम साधत नाहीं. पालकांस वाटतें, याचें चित्त नाहीं. आणि दोष मात्र धनुष्याचा असतो! असा निराश झालेला विद्यार्थी बहुधा धनुष्य कोपऱ्यांत ठेवून देतो, आणि एक निर्मळ विद्या त्यास कायमची अंतरते.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, धनुष्य केवळ पाहून घेऊं नये. जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं, योग्य वजनाचे निदान बारा बाण मुलास सोडूं द्यावेत. पहिल्या बाणाच्या वेळीं उत्साह असतो. म्हणून शेवटच्या बाणानंतर त्याचा हात काय म्हणतो तें विचारावें, आणि दुसऱ्या दिवशीं कोपर दुखतें काय, हेंहि विचारावें. वाढत्या वयाच्या मुलास विकत घेण्यापेक्षां उसनें मिळत असल्यास अधिक बरें. ज्यास जुन्या घडणीचेंच धनुष्य प्रिय असेल त्यानें तें खुशाल घ्यावें. मात्र कमी जोराचें घ्यावें व बाण जड वापरावेत. मुळींच हादरा न देणारें धनुष्य जगांत नाहीं. सोसेल इतकाच देणारें मात्र शोधल्यास सांपडतें.

विद्यार्थिमित्रहो, गल्याथाशीं लढावयास निघालेल्या दाविदास शौल राजानें आपलें चिलखत घातलें होतें. तें राजाचें होतें, मोलाचें होतें. पण दाविदास त्याची सवय नव्हती, म्हणून त्यानें तें उतरून ठेविलें व आपली गोफण घेतली. त्यास कोणी दुबळा म्हटलें नाहीं. दुसऱ्याच्या जोराचें धनुष्य मिरविण्यापेक्षां आपल्या हातास मानवेल असें धनुष्य घेऊन रोज नेम धरणें, यांतच खरें धैर्य व खरी विद्या आहे.