मूळ रशियन संहिता शेजारी हवी

रशियन साहित्याशी मराठी वाचकाचा परिचय जुना आहे. तोल्स्तोय, चेखव, गॉर्की ही नावे आपल्याला परकी वाटत नाहीत. मात्र या परिचयाचा मोठा भाग इंग्रजीच्या मध्यस्थीने झालेला आहे. ही मध्यस्थी त्याज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. तिच्यावाचून कित्येक कृती मराठीत आल्याच नसत्या. माझे मत एवढेच की, इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्यानेही मूळ रशियन संहिता शेजारी उघडी ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी त्याने रशियन भाषेचा पंडित असण्याची गरज नाही.

असे का म्हणावे लागते, ते एका उदाहरणावरून पाहू. ‘द लेडी विथ द डॉग’ या इंग्रजी नावाने आपल्याकडे ओळखली जाणारी चेखवची कथा १८९९ सालची आहे. याल्टा येथील हॉटेलातील प्रसंगात गुरोव आणि अन्ना सेर्गेयेव्ना यांच्यात नुकतीच जवळीक झालेली आहे. आता याच्या मनात आपल्याविषयी आदर उरणार नाही, ही भीती अन्ना बोलून दाखवते. ती त्याला ‘वी’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणते. गुरोव तिची समजूत घालतो, पण तो तिला ‘ती’ म्हणजे ‘तू’ म्हणतो. (या रशियन ‘ती’चा मराठी ‘ती’शी काही संबंध नाही.) पाठोपाठच्या या दोन संवादांत त्या नात्यातील सारे अंतर उघडे पडते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘यू’ आहे. इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याला तेथे केवळ तर्क करावा लागतो. वास्तविक त्याच्या स्वतःच्या भाषेत हा भेद जिवंत आहे.

येथे मराठी अनुवादकापुढे आणखी एक पेच उभा राहतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्त्रीने पुरुषाला ‘तुम्ही’ आणि पुरुषाने तिला ‘तू’ म्हणावे, हा आपल्याकडील पतिपत्नींचा जुना रिवाज. त्यामुळे मूळचे ‘तुम्ही’ जसेच्या तसे आणले, तर मराठी वाचकाला त्यात दुरावा जाणवण्याऐवजी संसारी सवय जाणवण्याचा धोका आहे. रशियन सुशिक्षित वर्गात जवळीक झालेल्या स्त्रीपुरुषांनी परस्परांना ‘ती’ म्हणणे स्वाभाविक होते. अन्नाचे ‘वी’ म्हणूनच अवघडलेले आहे. तिच्या वाक्यांची ठेवण अधिक औपचारिक करावी, की गुरोवच्या बोलण्यातील सलगी ठळक करावी, हा निर्णय अनुवादकाचा. परंतु येथे निर्णय घ्यावयाचा आहे, हेच मुळात पाहिल्याशिवाय त्याला कळणार नाही.

पाहण्यासाठी काय लागते? सिरिलिक लिपीत ३३ अक्षरे आहेत. रोज थोडा वेळ दिला, तर दोन-तीन आठवड्यांत ती ओळखता येतात. त्यानंतर या दोन सर्वनामांची विभक्तिरूपे ध्यानात ठेवावीत. एकाच व्यक्तीशी बोलताना आज्ञार्थी क्रियापदाला ‘ते’ हा प्रत्यय लागला, की बोलणारा ‘बस’ म्हणत नसून ‘बसा’ म्हणत आहे, असे समजावे. एवढ्या सामग्रीवर कथेतील प्रत्येक संवाद तपासता येतो.

भाषेइतकीच समाजव्यवस्थेची माहितीही लागते. चेखवच्याच १८८३ मधील ‘लठ्ठ आणि रोडका’ या छोट्या कथेत दोन बालमित्र रेल्वे स्थानकावर अचानक भेटतात. बोलणे अरेतुरेचे असते. लठ्ठ मित्र आपला हुद्दा सांगतो आणि त्या क्षणी रोडका पांढराफटक पडून त्याला मोठ्या मानाने संबोधू लागतो. ही केवळ खुशामत आहे, असे समजणाऱ्याच्या हातून कथेचे मर्म निसटते. पीटर द ग्रेटने १७२२ मध्ये लागू केलेल्या पदश्रेणींच्या तक्त्यात १४ श्रेणी होत्या आणि कोणत्या श्रेणीला कोणते संबोधन, हेही ठरलेले होते. रोडका आठव्या श्रेणीतला, लठ्ठ तिसऱ्या. म्हणजे रोडका नियमानुसारच बोलतो आहे, आणि लाज वाटावी असे काही असेल तर ते हेच. शिवाय तो शब्दांच्या शेवटी ‘स’ हा ध्वनी जोडू लागतो. ‘महाराज’, ‘साहेब’ या अर्थाच्या ‘सुदार’ या शब्दाचा तो झिजलेला अवशेष होय. इंग्रजीत तो गळतो, नाहीतर ‘सर’ होऊन बसतो. मराठीत मात्र ‘जी’, ‘सरकार’, ‘हुजूर’ अशी केवढी तरी श्रीमंती आहे! या प्रकारच्या माहितीसाठी यूरी लोतमन यांच्यासारखा वाटाड्या नाही. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’वरील त्यांचे भाष्य १९८० मध्ये प्रसिद्ध झाले; द्वंद्वयुद्धाचे नियम, नृत्यसभा, सरदारांचे दैनंदिन जीवन यांचा उलगडा त्यात आहे.

आता कोशांविषयी. रशियन-इंग्रजी कोश मी सर्वांत शेवटी उघडावा असे म्हणेन, कारण त्यातील अर्थ इंग्रजीच्या मापाने आधीच कापलेला असतो. ‘सीनी’ आणि ‘गलुबोय’ या दोन्ही रंगांसाठी त्याला ‘ब्लू’ या शब्दाचाच आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे ‘निळा’ आणि ‘आकाशी’ आहेत. तुर्गेन्येवच्या १८६२ मधील कादंबरीचे रूढ इंग्रजी नाव ‘फादर्स अँड सन्स’. मूळ शीर्षकातील ‘द्येती’ या शब्दाचा अर्थ मुले, अपत्ये. तेव्हा ‘पिता-पुत्र’ हे मराठी नाव रशियन भाषेतून येऊच शकत नाही. म्हणून भाषा थोडी अवगत झाली, की रशियन-रशियन कोशाची सवय लावावी. पहिल्यांदा ओझेगोव यांचा एकखंडी कोश घ्यावा (प्रथमावृत्ती १९४९). एकोणिसाव्या शतकातील कृतींसाठी मात्र व्लादिमिर दाल यांच्याकडे जावे लागते. दाल प्रथम नौदलात होते, मग वैद्यक शिकले. १८३७ मध्ये पुश्किनच्या मृत्युशय्येपाशी ते उपस्थित होते. १८६३ ते १८६६ या काळात निघालेल्या त्यांच्या चार खंडांत सुमारे २ लाख शब्द आहेत आणि म्हणींचे तर भांडारच आहे. त्यांच्या व्याख्या काटेकोर नसतात, पण शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे त्यांच्याइतके क्वचितच कोणी सांगते.

२००४ पासून महाजालावर खुल्या असलेल्या रशियन भाषेच्या राष्ट्रीय संग्रहाचा उपयोग वेगळा आहे. एखादा शब्दप्रयोग लेखकाने घडवलेला आहे की सर्वांच्या तोंडचा, हे तेथे शोध घेतल्यास कळते. हे न तपासल्यास साधे बोलणे मराठीत उगाच काव्यमय होते.

नावांबाबत एक इशारा. रशियन नावातही मधले नाव वडिलांचे असते, म्हणून आपल्याला ओळखीचे वाटते. परंतु विवाहानंतरही रशियन स्त्रीच्या नावात ते पित्याचेच राहते. सेर्गेय हा अन्ना सेर्गेयेव्नाचा पिता. मराठी वाचक त्याला पती समजण्याची शक्यता आहे. तेथे प्रस्तावनेत दोन ओळी खर्चणे योग्य.

अर्धी साधने मराठीत आहेत, हे आपण विसरतो. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे तुर्गेन्येवच्या काळातली. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ मधला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. शेती, अवजारे, कापडचोपड यांचे विसरलेले शब्द तेथे आहेत. ते जपून वापरावेत. ‘क्वास’ या आंबवलेल्या पेयाला ‘कांजी’ म्हटले, तर चव जवळ येते पण रशिया दूर जातो. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांनी छापलेली मराठी पुस्तके जुन्या ग्रंथालयांत असतात. त्यांची भाषा सर्वत्र सारखी उतरलेली नाही, तरी मूळ संहितेशी ताडून पाहण्यासाठी ती मोलाची आहेत.

सुरुवात ‘लठ्ठ आणि रोडका’पासूनच करा. कथा दोन-तीन पानांची आहे आणि चेखवच्या समग्र वाङ्मयाचे ३० खंड महाजालावर मूळ रशियनमध्ये उपलब्ध आहेत. इंग्रजी अनुवाद उघडण्यापूर्वी मूळ पानावर ‘तू’ची रूपे एका रंगाने आणि मानाची संबोधने दुसऱ्या रंगाने खुणावून घ्या. लठ्ठ मित्र शेवटपर्यंत कोणत्या रंगात राहतो, तेही पाहा.