बिशपसाहेब, ही संस्कृती कोणाची?

बंगळुरूच्या जे. पी. नगराला जयप्रकाश नारायणांचे नाव आहे. संपूर्ण क्रांतीची हाक देणाऱ्या माणसाच्या नावाने वसलेल्या या वस्तीतला एखादा ख्रिस्ती तरुण आजही रविवारी इस्त्रीचा शर्ट चढवून चर्चला जातो, गायनवृंदात उभा राहतो, दानाची थैली फिरवतो, नाताळचा तारा टांगायला शिडीवर चढतो; आणि ज्याच्याबरोबर संसार थाटला आहे त्या जोडीदाराची ओळख 'रूममेट' म्हणून करून देतो. हे खोटे त्याच्या तोंडी कोणी घातले? सरकारने? 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा कलम 377 चा फास काढून टाकला. पोलीस आता त्याच्या दारात येत नाहीत. त्याचा गळा अजून आवळून धरला आहे तो त्याच्या चर्चने!

त्याच्या या चर्च ऑफ साऊथ इंडियाला थोर कृत्ये जमत नाहीत असे कोण म्हणेल? 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासमध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या मंडळ्या एका छताखाली आल्या. 1976 पासून या चर्चने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली, 2013 मध्ये एका स्त्रीला बिशप केले. एवढे सगळे पचवणाऱ्या पोटात समलिंगी माणसाच्या नावानेच कळ का उठते?

उत्तर तयार असते: "आपल्या संस्कृतीत हे बसत नाही." बिशपसाहेब, संस्कृती कोणाची? ज्या आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेऊन इंग्लंडचे चर्च स्वतःच्या मुठीत घेतले, त्याच्याच पार्लमेंटने 1533 मध्ये असा संबंध हा गुन्हा ठरवून त्याला फाशीची शिक्षा ठेवली. मेकॉलेच्या मसुद्यावरून 1860 मध्ये दंडसंहिता झाली आणि तीच घाण आमच्या अंगणात आली. तुम्ही संस्कृती म्हणून जिची आरती ओवाळता ती विलायती पार्सलातून आलेली आहे! आणि ते पार्सल पाठवणाऱ्यांनी स्वतःच्या घरातून ते कधीच बाहेर फेकले. 1967 मध्ये इंग्लंडने प्रौढांच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरता हा गुन्हा रद्द केला, तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्सी त्या सुधारणेच्या बाजूने उभे होते. डिसेंबर 2023 पासून तिथल्या चर्चमध्ये समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थना होऊ लागल्या. लग्न अजून नाही, म्हणजे तेही अर्धेच पाऊल. पण पाऊल तरी पडले. इथे काय झाले? 377 वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती, अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स होती. या संस्था चर्च ऑफ साऊथ इंडियाच्या नव्हेत, हे खरे. पण ख्रिस्ताचे नाव घेऊन तुरुंगाची वकिली चालली असताना भावंडांचा हात कोणी धरला?

संस्कृतीची ही ढाल जुनी आहे. मराठी वाचकाला तर ती चांगलीच ओळखीची असावी. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे असे निघाले, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. का? तर हिंदुस्थानातल्या लोकांना ते रुचणार नाही! कलकत्त्याच्या पंडितांसमोर शास्त्रार्थ करून जिने 'पंडिता' ही पदवी मिळवली, गावोगाव पुरुषांच्या सभा जिने गाजवल्या, तिला हिंदुस्थानची रीत शिकवायला निघाले कोण, तर गोरे बिशप! रमाबाईंनी त्यांना सडेतोड उत्तर दिले. भटांचे जोखड फेकले ते पाद्र्यांचे मानेवर घ्यायला नव्हे, अशा बाण्याची ती बाई होती. आज ढाल तीच आहे, फक्त धरणारा हात देशी झाला आहे.

शास्त्राचा आधार हवा? बायबलमध्ये षंढांना मंडळीचे दार बंद करणारे जुने नियमशास्त्र आहे, तसेच त्यांना मुलामुलींहूनही थोर नाव देऊ करणारा यशयाही आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तर एक हबशी षंढ रथातून जाताना वाटेत पाणी दिसताच मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे, असे विचारतो. फिलिप्प रथातून उतरला आणि त्याने त्याला बाप्तिस्मा दिला. त्याने सिनडची बैठक बोलावली नाही, समिती नेमली नाही, अहवाल मागवला नाही.

समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत ठरवणारा, अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेचा 1998 चा ठराव दाखवणारे महाभागही आहेत. 526 विरुद्ध 70 मतांनी तो झाला, ठाऊक आहे. पण समलिंगी माणसांचे अनुभव ऐकून घेऊ असे वचनही त्याच ठरावात होते, ते कोणाच्या खिशात विरघळले? 2008 च्या जूनमध्ये बंगळुरूचा पहिला प्राइड मोर्चा बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजपासून टाऊन हॉलपर्यंत गेला. तिथून हाकेच्या अंतरावर याच चर्चचे हडसन मेमोरियल उभे आहे. ऐकायचे असते तर लांब जावे लागले नसते. भारतातल्या चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने, जिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, या विषयावर चर्चासत्रे घेतली, पुस्तके काढली. त्या पुस्तकांवर धूळ बसवण्याचे काम मात्र चोख चालले आहे.

यातला सगळ्यात किळसवाणा प्रकार म्हणजे 'बरे करण्याच्या' प्रार्थना. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या 'उपचारांना' डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जे डॉक्टरने केले तर गैरवर्तन, ते पाळकाने डोक्यावर हात ठेवून केले की सेवा? सोळा-सतरा वर्षांच्या पोराला गुडघ्यावर बसवून, त्याच्या आईच्या देखत, तुझ्यातला सैतान काढतो म्हणणाऱ्याला आम्ही पाळक म्हणणार नाही.

चर्चमधल्या लग्नाचा प्रश्न कायद्याशी बांधलेला आहे. 17 ऑक्टोबर 2023 ला न्यायालयाने तो संसदेकडे टोलवला, हे आम्ही जाणतो. पण प्रभुभोजन संसदेच्या हातात नाही. बंगळुरूच्या धर्मप्रांताच्या बिशपांनी एक पत्र काढावे आणि येत्या रविवारी प्रत्येक व्यासपीठावरून, कन्नड, तमिळ, इंग्रजी अशा ज्या ज्या भाषेत उपासना होते त्या भाषेत, ते वाचले जावे: समलिंगी वा तृतीयपंथी म्हणून कोणालाही प्रभुभोजन नाकारले जाणार नाही, गायनवृंदातून वा मंडळीच्या पदावरून काढले जाणार नाही, आणि 'बरे करण्याची' प्रार्थना करणाऱ्या पाळकावर कारवाई होईल. खाली सही असावी, शिक्का असावा, तारीख असावी.