अध्यक्ष बदलला, चिठ्ठी तशीच राहिली

मागच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला असताना, सालेकसा तालुक्यातील एक आजोबा नातवाचा हात धरून दवाखान्यात आले. डावा डोळा लालबुंद झाला होता. कपाळ ठणकत होते आणि रात्रीपासून उलट्या सुरू होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठविण्यासाठी मी कागद लिहायला घेतला, तोच आजोबांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. वर आमच्या क्लबचा शिक्का. मजकूर असा : डावा डोळा, मोतीबिंदू, शस्त्रक्रियेसाठी निवड. खाली माझी सही. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

''गाडी येईन म्हणून सांगतलं होतं जी. कोणी आलंच नाही.''

आजोबांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस यायचा होता, आला नाही, तसे ते बोलले.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोतीबिंदू 'पिकू द्यावा' ही समजूत जुनी झाली. कृत्रिम भिंग बसविण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट तो फार पिकला तर भिंगातील द्रव झिरपतो, डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो आणि डोळ्याची नस दबून कायमची निकामी होऊ शकते. आजोबांचे तेच झाले. वेदना थांबल्या, दृष्टी परत आली नाही.

चूक कोणाची, हे शोधायला मला लांब जावे लागले नाही. क्लबचे नाव लिहीत नाही, कारण सही माझी होती. त्या वर्षी अध्यक्ष मीच होतो. मार्चमध्ये शिबिर झाले. नेत्रतज्ज्ञ आले, यादी झाली, वर्तमानपत्रात फोटोही आला. एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचे दिवस, मेमध्ये तेंदूपत्ता. ''रोवणी झाल्यावर येऊ,'' असे बरेच रुग्ण स्वतःच म्हणाले. ३० जूनला माझे वर्ष संपले. यादी सचिवांच्या दुकानातील खणात राहिली. नव्या अध्यक्षांनी वृक्षारोपण हाती घेतले. तेही चांगलेच काम होते. कोणाच्याही मनात वाईट नव्हते आणि एका माणसाचा डोळा गेला.

रोटरी काय किंवा लायन्स काय, दोहोंचे वर्ष १ जुलैला सुरू होते व ३० जूनला संपते. १ जुलै हा डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिनही, म्हणून तो 'डॉक्टर दिन'. त्यामुळे क्लबात असलेल्या डॉक्टरला त्या आठवड्यात दोन-दोन पुष्पगुच्छ मिळतात. पदग्रहण समारंभात नवा अध्यक्ष वर्षभराच्या संकल्पांची यादी वाचतो. बाहेर पाऊस असतो. आपल्या जिल्ह्यातील अर्धीअधिक माणसे तेव्हा बांधीतल्या चिखलात उभी असतात. रोवणी ऑगस्टपर्यंत चालते. मग सणवार, मग हलक्या धानाची कापणी, दिवाळी आणि मंडईचे दिवस. अध्यक्षाच्या हाती खऱ्या अर्थाने डिसेंबर ते मार्च एवढेच चार महिने लागतात. त्यातला एक महिना प्रांतपालांच्या भेटीत जातो. (प्रांतपालांनी रागावू नये. त्यांच्या स्वागतात मीही भरपूर हार घातले आहेत.)

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात माझ्याकडे एक प्रस्ताव आला. तालुक्यातालुक्यात नवे क्लब काढायचे आहेत, तुम्ही जुने सभासद, तुमची ओळख आहे, तुम्ही नेतृत्व करा. नवा क्लब काढायला किमान २० सभासद लागतात. आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात २० माणसे जमविणे कठीण नाही. मी स्वतः एकदा जमविली होती. तालुक्याच्या गावी सनद प्रदान समारंभ झाला, जेवणावळ झाली, कोटाला पिना लागल्या. त्या २० जणांपैकी कितीतरी जण गोंदियात राहणारे होते, ते केवळ माझ्या शब्दाखातर आले होते. दुसऱ्या वर्षी वर्गणी थकली, तिसऱ्या वर्षी क्लब कागदावर उरला, पुढे कागदावरूनही गेला. आमच्या अहवालात मात्र त्या वर्षी 'एक नवा क्लब' अशी नोंद झाली आणि मला एक स्मृतिचिन्ह मिळाले. ते अजून दवाखान्याच्या कपाटात आहे.

वाढ नको असे मी म्हणत नाही. जगभर रोटरीचे सुमारे १२ लाख आणि लायन्सचे सुमारे १४ लाख सभासद आहेत. कोलकात्याचे शेखर मेहता २०२१-२२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष असताना त्यांनी प्रत्येक सभासदाने एक नवा सभासद आणावा, असे आवाहन केले. आवाहन योग्यच होते. प्रश्न असा की, आपण आणतो कोणाला? राईस मिलवाला राईस मिलवाल्याला आणतो, डॉक्टर डॉक्टरला. लायन्सने १९८७ साली आणि रोटरीने १९८९ साली स्त्रियांना सभासदत्वाचे दार उघडले. तरीही आपल्याकडच्या पुष्कळ कार्यक्रमांत भगिनीवर्गाच्या वाट्याला दीपप्रज्वलनाचे तबक आणि अल्पोपाहाराची देखरेख एवढेच येते. देवरीत किंवा अर्जुनी मोरगावात क्लब टिकवायचा असेल तर तेथील शिक्षिका, औषधांच्या दुकानाचा मालक, बचत गटाची अध्यक्ष, निवृत्त परिचारिका, धानाचा लहान व्यापारी अशी माणसे हवीत. कोणत्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना ठाऊक असते. आजोबांच्या गावात असा एक जरी सभासद असता तर तीन वर्षे ती चिठ्ठी खिशात राहिली नसती. एवढ्यासाठी वर्गणी कमी करावी लागली आणि हॉटेलातली बैठक शाळेच्या खोलीत घ्यावी लागली तरी चालेल. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांच्या तीन मित्रांनी सुरुवात केली ती आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत बसूनच, आणि 'रोटरी' हे नावही त्या आळीपाळीवरून पडले. त्या क्लबाने पुढे हाती घेतलेल्या पहिल्या लोकोपयोगी कामांत एक काम सार्वजनिक शौचालयाचे होते. आपल्याकडे किती आठवडी बाजारांत बायकांसाठी अशी सोय आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

वर्षावर्षाला अध्यक्ष बदलूनही काम टिकते का? टिकते. पोलिओ हा त्याचा पुरावा आहे. डिसेंबर १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून आम्ही बसलो होतो. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालील मुलांनाच थेंब दिले, पुढे पाच वर्षांपर्यंतच्या. एका राईस मिलच्या मालकांनी आपली जीप दिवसभर दिली आणि स्वतः मागच्या बाकावर बसून लसीचा डबा मांडीवर धरला, बर्फ वितळू नये म्हणून. त्या दिवशी त्यांच्या कोटाला पिन होती की नव्हती, मला आठवत नाही. क्लबात जावेसे मला वाटले ते त्यांच्यामुळे.

रोटरीने पोलिओचे काम १९८५ साली अंगावर घेतले. भारतातला शेवटचा रुग्ण, हावड्याची एक लहान मुलगी, १३ जानेवारी २०११ रोजी आजारी पडली. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. या सगळ्या काळात दरवर्षी जागतिक अध्यक्ष बदलला, घोषवाक्य बदलले, काम बदलले नाही. पाकिस्तान व अफगाणिस्तानात रोग अजून आहे, म्हणून ते आजही चालू आहे. श्रेय अर्थातच घरोघर फिरलेल्या अंगणवाडी व आरोग्यसेविकांचे आधी, क्लबांचे नंतर. पण पैसा, वाहने आणि मुख्य म्हणजे चिकाटी क्लबांनी दिली. एवढी मोठी संस्था हे करू शकते, तर जिल्ह्यातल्या क्लबांना तीन वर्षे एक यादी सांभाळता येऊ नये?

आता रक्तदानाचे पाहा. २६ जानेवारीला रक्तदान शिबिर, १५ ऑगस्टला रक्तदान शिबिर. एकाच दिवशी दोन-तीन संस्था आपापले बॅनर लावतात. गोळा केलेल्या तांबड्या पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस. एकदा रक्त दिल्यावर पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे २६ जानेवारीला सगळे दाते वापरून टाकले की मार्चअखेरपर्यंत ते दाते मोकळे नाहीत आणि त्यांचे रक्तही शिल्लक नाही. मे महिन्यात तर महाविद्यालये बंद, ऊन कडक, आणि नेमकी तेव्हाच नातेवाइकांची धावपळ आम्ही बघतो. सिकलसेल व थॅलेसेमियाच्या मुलांना आणि रक्तक्षय असलेल्या बाळंतिणींना तारीख बघून रक्त लागत नाही. जिल्ह्यातील क्लबांनी एकत्र बसून महिने वाटून घेतले, एप्रिल तुमचा, मे आमचा, तर एकही नवा सभासद न करता काम दुप्पट उपयोगाचे होईल. क्लबांचे जाळे म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. सध्या आहेत त्या जाळ्याच्या गाठी, मधला दोरा नाही.

आणि दोरा ओवायला आपल्या जिल्ह्यात काम शोधत बसायला नको. १ जुलै २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने क्लबांच्या नववर्षदिनीच, केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. विदर्भात, विशेषतः आपल्या पूर्वेकडील भागात, हा आजार किती घरांत आहे ते येथील डॉक्टरांना सांगावे लागत नाही. आईबापांपैकी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. नुसता वाहक हा आजारी नसतो. हे मी दवाखान्यात हजार वेळा सांगितले असेल आणि तरीही वाहक मुलीची सोयरीक मोडते. सोल्युबिलिटी चाचणीला बोटातले थेंबभर रक्त पुरते. ती सकारात्मक आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक की रुग्ण हे ठरते. खरे काम त्यानंतर सुरू होते : निकाल घरापर्यंत पोहोचविणे, लग्नाआधी दोघांचे निकाल पडताळून पाहणे, रुग्णाच्या गोळ्या खंडित होऊ न देणे. २०२३ पासून २०४७ पर्यंत एका क्लबात २४ अध्यक्ष होतील. त्या २४ जणांच्या हाती एकच वही फिरली तर काही साधेल. प्रत्येकाने नवी वही घेतली तर २४ उद्घाटने होतील.

हे सगळे मी मागच्या बैठकीत मांडले. आमचे कोषाध्यक्ष व्यवहारी आहेत. ते म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, लोक फोटोसाठी का होईना, येतात. वही सांभाळायला कोण वर्गणी देईल?'' त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही. फोटो असू द्यावा, असेच मी म्हणालो. मात्र शस्त्रक्रियेची तारीख, रुग्णालय आणि गाडी ठरल्याशिवाय कोणाच्याही हाती 'निवड' लिहिलेली चिठ्ठी द्यायची नाही, एवढे मान्य करून घेतले. आरोग्याच्या कामाचा एक कार्यवाह तीन वर्षांसाठी नेमायचा, अध्यक्ष कोणीही होवो, यावर मतदान झाले आणि ते थोडक्यात संमत झाले. नव्या क्लबांच्या प्रस्तावाला मी असे कळविले आहे : एका वर्षात एकच क्लब, त्याच तालुक्यात राहणाऱ्या सभासदांचा, आणि पहिली दोन वर्षे आमच्यापैकी दोघांनी महिन्यातून एकदा तेथे जायचे. उत्तर अजून आलेले नाही.

आजोबांच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता. दिवाळीनंतर त्याची शस्त्रक्रिया झाली. आता ते नातवाचा हात न धरता येतात. यादीतील बाकीच्या नावांचा शोध चालू आहे. काही जणांनी परस्पर शस्त्रक्रिया करून घेतली, काही गाव सोडून गेले, दोघे वारले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी, आईच्या पेटीत किंवा वडिलांच्या बंडीत, कोणत्याही संस्थेच्या नेत्रशिबिराची जुनी चिठ्ठी पडून असेल तर ती घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीच्या दिवशी जावे. तारीख उलटून गेली म्हणून संकोच करू नये. डोळा लाल होऊन दुखत असेल, डोके ठणकत असेल आणि उलट्या होत असतील तर मात्र त्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी जावे.