आधी निगा, मग सुधारणा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पुतण्याने घरची जुनी जीप जांबुघोड्याच्या रानात नेली. ओढ्यातल्या धोंड्यांना गाडीचे पोट टेकू नये, म्हणून त्याने पुढे उंच व कडक पाटे बसवून घेतले होते. परतताना शिवराजपुराच्या पुढे मोकळा रस्ता लागला, वेग वाढला आणि एका खड्ड्यावरून जाताच पुढची चाके थडथडू लागली. स्टिअरिंग हातात ठरेना. मागे सूनबाई व दोन मुले बसलेली! ॲक्सिलरेटरवरून पाय काढून त्याने गाडी हळूहळू थांबविली, म्हणून निभावले.

“काका, एवढे पैसे घालून नवे पाटे टाकले, तरी असे का?” दुसऱ्या दिवशी अंगणात त्याने विचारले.

अर्धे उत्तर त्या नव्या पाट्यांतच होते. या जीपचा पुढचा आस, म्हणजे कारागिरांचा ॲक्सल, अखंड असतो. त्याच्या टोकांच्या किंग पिनचा माथा किंचित मागे कललेला असतो. त्या कलामुळेच वळणानंतर चाक आपोआप सरळ होते. पाटे बदलताना हा कल कमी झाला की चाक भरकटते. त्यावर उपाय म्हणून पाटा व आस यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर बसवावी लागते. शिवाय गाडी उंचावली की स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा अधिक तिरपा होतो व खड्ड्याखड्ड्याला चाक ओढू लागतो. २०२० साली आलेल्या थारमध्ये पुढे अखंड आस नाही. तेथे पाचरीचा हा उपाय लागू पडत नाही.

उरलेले उत्तर आमच्या हयगयीत सापडले. मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलले व वर-खाली धरून हलविले. ते डुलले. ब्रेक दाबून धरल्यावर हे डुलणे थांबते, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा समजावा. येथे ते थांबले नाही, म्हणजे किंग पिनचे बेअरिंग झिजलेले. डावी-उजवीकडे हलविताच टाय रॉडचा सांधाही खटखटला. पावसाळाभर जीपने ओढे तुडविले, पण ग्रीसगन कोणी हाती घेतली नव्हती.

बेअरिंग व सांधा बदलला, पाचरी बसविल्या, अलाइनमेंट करून घेतली. शे-दोनशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्टही पुन्हा आवळले. आता जीप सरळ चालते.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली तंत्रशिक्षणासाठी कलाभवन स्थापिले, त्या बडोद्यात आपण राहतो. तेव्हा वाचकहो, पाण्याचिखलातून गाडी आणली की जुने गढूळ ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवे भरावे आणि महिन्यातून एक सकाळ चाके हलवून पाहावीत. सुधारणा त्यानंतर खुशाल करावी. मागच्या बाकावर आपलीच माणसे बसलेली असतात.