आधी धुवा, मग काय ते लावा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता येऊन मिळतो. इथून जाणाऱ्या कितीतरी ट्रक, टेम्पो आणि रिक्षांच्या तोंडाशी शनिवारी ताजी लिंबू-मिरची बांधलेली दिसते. त्या दोऱ्यात मिरच्या आणि लिंबाच्या जोडीला बहुतेक वेळा एक काळा बिब्बा ओवलेला असतो. अमेरिकेत ‘पॉयझन आयव्ही’ नावाच्या रानवेलीला लोक फार भितात. तिला हात लागला की अंगावर फोड उठतात, खाजेने रात्र-रात्र झोप लागत नाही. ती वेल आपल्याकडे उगवत नाही, पण तिचा भाऊबंद आपण नजर लागू नये म्हणून गाडीला टांगतो. ती वेल, बिब्बा, काजू आणि आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. वेलीतलं उरुशिऑल आणि बिब्ब्यातलं भिलावनॉल ही तेलकट रसायनं एकमेकांना इतकी जवळची की एकाने चिडलेली कातडी दुसऱ्यानेही चिडते.

याचा पुरावा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना मानेवर, कमरेवर खाजरे चट्टे उठू लागले. जिथे कपड्यावरची धोब्याची खूण कातडीला टेकत होती, नेमके तिथेच. धोबी खुणा करत होते बिब्ब्याच्या रसाने. १९४३ मध्ये डॉक्टरांनी हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला.

आपल्याकडचा दुसरा खाजकर शत्रू म्हणजे गाजरगवत. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम लक्षात आलं. परदेशी धान्याबरोबर आलं असं मानतात. आज पावसाळा सरता-सरता मोकळे प्लॉट, नाल्यांचे काठ, रस्त्यांच्या कडा पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जातात. त्यातलं पार्थेनिन हे रसायन वेगळ्या जातीचं आहे, पण शरीराची तक्रार तीच: एकदा का त्वचेने ते शत्रू म्हणून ओळखलं की पुढच्या प्रत्येक स्पर्शाला ती पेटून उठते.

अशी खाज उठली की घरोघरी उपाय सुरू होतात. लिंबू चोळा, लसूण वाटून लावा, कडुलिंबाचा पाला बांधा, हळद-चुना लावा, टूथपेस्ट फासा, सोसेल तितक्या गरम पाण्याने शेका. या उपायांच्या बाजूने जे बोललं जातं ते टाकाऊ नाही. द्राक्षबागेत नाहीतर कांद्याच्या वावरात निंदणी करणाऱ्या बाईला दवाखान्याच्या रांगेत बसायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. घरात आहे ते लावावं, पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय, असं ती म्हणते तेव्हा तिच्या म्हणण्यात तथ्य असतं. घरगुती उपचाराला माझा विरोध नाही. मात्र त्याच्या नावाखाली कातडी जाळण्याला माझा ठाम विरोध आहे.

पहिला दावा असा की घरगुती म्हणजे निरुपद्रवी. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजते आणि तिथे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. ठेचलेला लसूण बांधून ठेवला तर खरोखरचे भाजल्यासारखे फोड येतात. चुना दाहक आहे. आधीच सोललेल्या कातडीवर तो लावणं म्हणजे जखमेला जखम जोडणं. टूथपेस्टमधला पुदिन्याचा गारवा घटकाभर फसवतो, मग तीच पेस्ट झोंबते. आणि घरगुती उपायांतला सर्वांत घातक उपाय तर बिब्बाच आहे. तो सुईला टोचून दिव्यावर धरतात, काळं तेल सुटलं की त्याचे ठिपके मुरगळलेल्या गुडघ्यावर, टाचेच्या भेगांवर, काही ठिकाणी तान्ह्या बाळाच्या पोटावरही देतात. दोन दिवसांनी त्या ठिपक्यांभोवती लालबुंद कडं धरतं, फोड येतो, पाणी वाहतं. लोक म्हणतात, बिब्बा उतला. आणि मग त्या उतण्यावर नवा लेप शोधतात. जे औषध म्हणून लावलं त्यानेच रोग झाला, हे मान्य करायला आपण का कचरतो?

दुसरा दावा: आम्हाला गुण आला. आला असेल. पण बिब्ब्याचं किंवा त्या वेलीचं पुरळ पुन्हा स्पर्श झाला नाही तर साधारण दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरतं. सतराव्या दिवशी ज्याने कोणी जे काही लावलं असेल, यश त्याच्या पदरात पडतं. बरं झालं हा पुरावा पुरेसा नाही. त्या उपायाने लवकर बरं झालं का, त्रास कमी झाला का, हे पाहावं लागतं.

तिसरा समज: फोडातलं पाणी जिथे लागेल तिथे रोग पसरतो. हा समज साफ खोटा आहे आणि त्यापायी घरातलं माणूस वाळीत पडल्यासारखं कोपऱ्यात बसतं. फोडातलं पाणी शरीराचं स्वतःचं असतं, त्यात ते तेल नसतं. पुरळ हप्त्याहप्त्याने उठल्यासारखं दिसतं, कारण जिथे तेल जास्त लागलं आणि कातडी पातळ आहे तिथे ते आधी उठतं, इतरत्र मागाहून. किंवा तेल अजून नखांत, बाहीला, खुरप्याच्या मुठीला राहिलेलं असतं आणि माणूस तेच पुन्हा-पुन्हा अंगाला लावत असतो.

चौथा समज: उष्णता झाली, पित्त उठलं. म्हणून आमसुलाचं पाणी अंगाला लावतात. पित्ताच्या गांधी वेगळ्या. त्या बहुधा काही तासांत एका जागेवरून मावळतात आणि दुसरीकडे उठतात. स्पर्शाने आलेलं पुरळ जागा सोडत नाही. ते फोड धरतं, ओलं होतं, खपली धरतं. दुखणंच वेगळं असेल तर त्याच्यावर पित्ताचा उपाय लागू कसा पडणार? गरम पाण्याच्या शेकाचंही तसंच. शेकताना खाज थांबल्यासारखी वाटते, पण रक्तवाहिन्या फुलतात, सूज वाढते, आणि थोड्या वेळाने खाज परत येते.

आता उलट बाजू. लेप सोडा, मेडिकलमधून ट्यूब आणा, असं सांगणारेही काही कमी नाहीत. दुकानात मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक अशी खिचडी असते. खाज गजकर्णाची असेल तर स्टिरॉइडने ती दबते आणि आत बुरशी फोफावते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल पडते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाही असा नियम केला, तो याच कारणाने. शेजाऱ्याची अर्धी उरलेली ट्यूब हा घरगुती उपाय होत नाही.

मग घरात करायचं काय? सर्वांत मोठा उपाय नळाला येतो. बिब्ब्याचं तेल कातडीत मुरायला दहा-वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा वेळ लागतो. त्या आत साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुतलं तर पुरळ टळू शकतं किंवा निदान हलकं होतं. घासायचं नाही, फेस करून सोडून द्यायचं, हे तीन-चारदा. नखांच्या आत ब्रश फिरवायचा. बिब्ब्याचं तेल चिकट असतं, म्हणून आधी कापसावर गोडं तेल घेऊन ते टिपायचं, पसरवायचं नाही, कापूस टाकून द्यायचा आणि मग साबण. अंगातले कपडे, खुरपं, मोबाइल हेही धुवायचं नाहीतर पुसायचं. उशीर झाला तरी धुवाच, कारण उरलेलं तेल तरी निघतं.

परंपरेचा अभिमान असणाऱ्यांनी परंपरेतलंच हे लक्षात घ्यावं. बिब्बे हाताळणारी जाणती माणसं आधी हाताला तेल चोपडतात. आयुर्वेदात बिब्बा विटेच्या भुकटीत घोळून शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातकाचं, म्हणजे बिब्ब्याचं नाव आहे. आपल्या शास्त्राला त्याचं विषारीपण पक्कं ठाऊक होतं. दिव्यावर सुई धरणाऱ्या घरांत तेवढी खबरदारी मात्र राहिली नाही.

धुतल्यावर लावायचं ते गार आणि सौम्य असावं. जुन्या धोतराचा किंवा मलमलचा स्वच्छ तुकडा गार पाण्यात पिळून पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, दिवसातून तीन-चारदा. गुलाबी कॅलामाइन लोशन स्वस्त असतं, त्याने खाज शमते आणि ओल सुकते. साधे ओट्स मिक्सरमध्ये बारीक करून कोमट पाण्यात कालवून त्या पाण्याने अंग भिजवलं तरी आराम पडतो. पाणी वाहायचं थांबून कातडी कोरडी पडली की साधं खोबरेल चालेल. नखं कापावीत, फोड फोडू नयेत. रात्री खाजेने झोप येत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. तिने झोप लागते, पुरळ मात्र जात नाही, हेही माहीत असावं.

गाजरगवताचं दुखणं जास्त चिवट, कारण ते हवेतून येतं. पापण्या, कानामागे, हनुवटीखाली, गळ्याचा उघडा भाग, कोपराची घडी या जागा बघा. नुसत्या उन्हाचं पुरळ हनुवटीखालच्या सावलीत सहसा जात नाही, हे जातं. दर मोसमात वाढतं, गवताचा संपर्क बंद न झाल्यास कातडी जाड आणि काळी होते. अशा माणसाला शेवंतीचाही त्रास होऊ शकतो. इथे लेपाने काहीच साधत नाही, गवत दूर करावं लागतं. फुलं धरण्याआधी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधून, तोंडाला ओढणी-रुमाल लावून ते मुळासकट उपटावं. काम झालं की आंघोळ, कपडे वेगळे. धुतलेले कपडे त्या गवतावर वाळत घालू नयेत. तसंच बिब्बे किंवा बिब्ब्याचं लाकूड जाळू नये, कारण धूर चेहऱ्यावर आणि श्वासात जातो.

आणि घर कुठे संपतं ते कळायला हवं. डोळे सुजून मिटले, तोंड सुजलं, दम लागला, लघवीच्या जागी पुरळ आलं, ताप आला किंवा पू झाला, अंगाचा मोठा भाग व्यापला, बाळाला किंवा गरोदर बाईला झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. तिथे पोटात घ्यायचं स्टिरॉइड दिलं तर बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी मधेच सोडू नये. पुरळ उसळून येतं.

ज्यांच्या बागेत, वावरात, ठेक्यावर बाया निंदायला येतात त्या मालकांनी आणि ठेकेदारांनी खुरप्याबरोबर हातमोजे, साबण आणि पाण्याचं पिंप द्यावं. प्लॉटवाल्यांनी आणि महापालिकेने फुलं येण्याआधी गवत काढावं. आई-आजींना हात जोडून सांगणं आहे, तान्ह्या लेकराला बिब्बा घालू नका. आणि तुम्हाला खाज उठली तर स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळण्याआधी मोरीत जा, नळ सोडा, साबण घ्या.